करार मी मोडलेला नाही

आर्डव्हिग, लुईस बेट
२९ जानेवारी २०१९

चि. आयव्हर,

अनेक आशीर्वाद. तू, जेनिन आणि तुमचं ते जाडं मांजर खुशाल असाल. मी ठीक आहे, मेंढ्या ठीक आहेत, छप्पर जागेवर आहे. जानेवारीत याहून जास्त मी कधी मागितलेलं नाही.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन नवं आहे.

दोन रविवार आईचा फोन नाही म्हणून तू डॉलिनाला फोन केलास म्हणे. ती म्हणाली, हवा खराब आहे. हवा खराब आहेच. पण शेजारणीला मध्ये घालून बोलण्यापेक्षा मीच लिहिते. पोस्टाला तिकीट लागतं, सिग्नल लागत नाही.

तर त्या मोबाइल फोनबद्दल. ऑगस्टमध्ये तू दोन दिवस आलास आणि मला गाडीत घालून स्टॉर्नोवेच्या दुकानात घेऊन गेलास. त्या लांब नखांच्या मुलीनं पडद्यावर सिग्नलच्या नकाशात आपलं बेट दाखवलं. सगळं हिरवंगार. "खुर्चीत बसून बोलाल तुम्ही, मिसेस मकॉली," म्हणाली, आणि कागदावर तसं लिहूनही दिलं: 'घरात: उत्तम'. तू चोवीस महिन्यांचा करार वाचलास, मी सही केली. मग तू म्हणालास, "एकट्या बाईला दोन फोन कशाला, आई?" आणि भिंतीवरचा फोन बंद करवलास. मी मान डोलावली, कारण तुझी बोट संध्याकाळची होती आणि दोन दिवसांत भांडायला मला वेळ नव्हता.

आता ऐक. हा फोन घरात लागत नाही. स्वयंपाकघरात नाही, माडीवर नाही, गोठ्यात नाही. तो लागतो टेकडीवरच्या जुन्या मेंढवाड्यापाशी, पूर्वेच्या कोपऱ्यात, तेही तोंड मुख्य भूमीकडे केलं तर. दर रविवारी चर्च सुटलं की मी चर्चच्याच कोटात वर चढायचे. शब्बाथाच्या दिवशी टेकडी चढणाऱ्या बाईकडे इथले वडीलधारे कसे बघतात ते तुला ठाऊक आहे. बघू देत. परवानगी मी थेट वरून काढली होती.

तू विचारायचास, "आई, मागे कसला आवाज येतोय?" मी म्हणायचे, "किटली." किटली नव्हती रे. वारा होता.

शुक्रवारी डॉलिनाच्या घरून मी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं पियानो ऐकला. मग ब्रेंडन नावाचा एक गृहस्थ आला.

"तुमच्या भागात सिग्नल उत्तम दिसतोय, मॅडम."

"तुम्हाला दिसतोय, मला ऐकू येत नाहीये."

"खिडकीपाशी उभं राहून पाहिलंत का?"

"माझ्या घराला सहा खिडक्या आहेत. सहाही वापरून झाल्या."

"फोन बंद करून पुन्हा सुरू करून पाहा."

"बाबा रे, मध्ये टेकडी आहे. ती कशी बंद करू?"

डॉलिना एवढी हसली की तिचा चहा सांडला. पण ब्रेंडन हसला नाही. म्हणाला, करार सोडायचा तर उरलेल्या महिन्यांचे म्हणून चारशे अठरा पौंड भरावे लागतील. मी म्हटलं, "एवढ्या पैशांत माझा नवा मेंढा येतो, आणि तो निदान हाक मारली की ऐकतो." फोन ठेवला.

मी भरणार नाही. तू यात पडू नकोस.

तुझी आई,
एफी


आर्डव्हिग
२ मार्च २०१९

चि. आयव्हर,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. त्याच्यासोबतचं रंगीत पुस्तकही मिळालं. तुमच्या ग्लासगोत वृद्धांसाठी सदनिका, लिफ्ट, आणि प्रत्येक खोलीत ओढायला लाल दोरी. फोटोतली म्हातारी एवढी हसतेय, बहुधा तिला दोरी नुकतीच सापडली असावी. पुस्तक जाड कागदाचं आहे. मी ते हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलंय आणि टेबल आता हलत नाही.

तू लिहितोस, "आई, मी चारशे अठरा पौंड भरतो आणि विषय संपवतो." तू एक पेनीसुद्धा भरणार नाहीस. तू भरलेस तर त्याचा अर्थ काय होतो, कळतंय का तुला? करार मी मोडला असा. मी मोडलेला नाही. घरात फोन चालेल असं सांगून त्यांनी सही घेतली आणि तो चालत नाही. मोडला तो त्यांनी. म्हातारी बाई कटकट करते म्हणून कुणीतरी पैसे देऊन तिला गप्प केलं, असं मी माझ्या नावावर लागू देणार नाही. तुझ्याकडूनही नाही.

काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुझा जीव शांत होईल.

डॉलिनानं पंचवीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली आहेत, कागद कुणाला कुठे टोचतो हे तिला बरोबर कळतं. पहिली गोष्ट तिनं सांगितली ती ही, की महिन्याचं बिल भरत राहायचं. "थांबवलंस की भांडण त्यांचं होईल, एफी. आत्ता ते तुझं आहे." दुसरी, तोंडी काही नाही, सगळं लेखी. आणि पत्रावर 'तक्रार' हा शब्द मोठ्या अक्षरात, म्हणजे त्यांना ते रद्दीत घालता येत नाही. तसं पत्र ५ फेब्रुवारीला गेलं. सोबत त्या दुकानातल्या मुलीच्या कागदाची प्रत. शिवाय २ फेब्रुवारीपासून अठ्ठावीस दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक खोलीत फोन धरून बघायचं, वहीत लिहायचं, खाली डॉलिनाची साक्षीची सही. काल वही संपली. एकदाच, १९ तारखेला, न्हाणीघरात सिग्नलची एक रेघ उमटली. आम्ही दोघी बादलीवर चढून बघत होतो तोवर गेली.

कंपनीनं आतापर्यंत तीन गोष्टी पुढे केल्या. एक, महाग करार घ्या. दोन, स्वस्त करार घ्या. तीन, घरात सिग्नल आणणारी एक पेटी बसवा, मात्र तिला ब्रॉडबँड लागतं. मी विचारलं, ब्रॉडबँडला काय लागतं? म्हणे, लँडलाइन. मी म्हटलं, लँडलाइन असती तर तुमच्याशी बोलत कशाला बसले असते?

आठ आठवड्यांत त्यांनी मिटवलं नाही, तर अशा भांडणांचा निवाडा करणारी एक संस्था असते. ती आपल्याकडून काही घेत नाही. डॉलिनानं फॉर्म मागवून ठेवलाय. ती आठवड्यांवर खुणा करतेय, मी मेंढ्यांची पोटं मोजतेय. दोन्ही एप्रिलमध्ये फळाला येतील.

तू विचारतोस, मग निदान टेकडीवर जाऊन बोल, तिथे तर लागतो ना? टेकडीवर मी आता जाणार नाही. वयाचा प्रश्न नाही, तू लगेच पुस्तकं पाठवू नकोस. मनात नाही म्हणून नाही.

पेन जुनंच घेतलंय, तरी अक्षर सुधारत नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल. डॉलिना रोज येऊन जळणाच्या पीटच्या टोपल्या आणून चुलीपाशी ठेवते, बटाटे सोलते. उगाच करते. मी सांगितलं तिला.

जेनिनला आशीर्वाद.

तुझी आई,
एफी


आर्डव्हिग
१० एप्रिल २०१९

चि. आयव्हर,

आशीर्वाद. पहिली कोकरं आली, जुळी, दोन्ही काळ्या तोंडाची. एवढी बातमी आधी लिहिली, म्हणजे पत्राची सुरुवात तरी चांगली झाली.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आज पूर्ण करणार, कारण उद्या निवाड्याचा फॉर्म जायचाय. त्याची प्रत तुझ्या ईमेलवर येणार, कारण ऑगस्टमध्ये तू सगळीकडे तुझाच ईमेल टाकलास. फॉर्मच्या चौथ्या पानावर विचारलंय: फोन न चालल्यामुळे तुम्हाला काही इजा किंवा त्रास झाला का? तपशील द्या.

डॉलिना म्हणाली, "लिही."

मी म्हटलं, "नाही."

"मग भर चारशे अठरा आणि बस गप्प."

"आयव्हर वाचेल ते."

"वाचू दे की! तीन महिने मी त्याच्याशी तोंडावर खोटं बोलतेय तुझ्यासाठी. माझ्याच चर्चला जातेस ना तू, एफी? मलाही देवाला तोंड दाखवायचंय."

तर तू ते एखाद्या कंपनीच्या कागदात वाचण्याआधी माझ्याकडून वाच.

१३ जानेवारी, रविवार. चर्च सुटल्यावर मी वर चढले. रात्री गोठलं होतं, दुपारी वरचा थर सुटला होता. मेंढवाड्याच्या भिंतीला वळसा घालताना पाय सरकला. मी उजव्या हातावर पडले आणि मनगटाचा आवाज मला ऐकू आला. पाऊल खाली मुरगळलं होतं, उठता येईना. फोन डाव्या हातात शाबूत होता आणि त्यावर एक रेघ होती.

मी तुला फोन लावला. आणीबाणीचा नंबर आधी लावायला हवा होता, हे मला नंतर हॉस्पिटलातल्या नर्सनंही सुनावलं. पण पडल्यावर माणूस ज्याला हाक मारतो त्याला मारतो.

तू उचललास. मी तुझं नाव घेतलं. पुढे सांगत होते, पडलेय म्हणून. तू म्हणालास, "आई, तुझा आवाज तुटतोय, काहीच कळत नाहीये. आम्ही दुकानात शिरतोय. पुढच्या रविवारी बोलू, हं?" आणि ठेवलास.

मग ती रेघही गेली.

तीन तास मी तिथे होते. फार थंडी नव्हती असं लिहिणार होते, पण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. थंडी होती. मी मोठ्यानं स्तोत्रं म्हटली, मग पाढे म्हटले, मग तुझ्या बापाला शिव्या दिल्या, की घर एवढ्या खोलगटात का बांधलंस. डॉलिनानं पाहिलं, दिवा लागायची वेळ झाली तरी माझ्या चुलीला धूर नाही. ती चार माणसं घेऊन वर आली.

मनगटाला आठ आठवडे प्लास्टर होतं. म्हणून डाव्या हातानं लिहीत होते. पेन नवं नव्हतं आणि चष्माही तोच आहे. आज उजव्या हातानं लिहितेय. बघ, 'आ' नीट आलाय.

तुला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी बोटीवर चढला असतास, आणि परत जाताना मला घेऊन गेला असतास. लाल दोरीच्या खोलीत. तू प्रेमानं केलं असतंस, म्हणूनच भीती वाटली. प्रेमानं ओढणाऱ्याला नाही म्हणायला फार ताकद लागते आणि तेव्हा माझा एक हात कामाचा नव्हता.

आता दोन्ही आहेत. म्हणून स्पष्ट लिहिते. मी ग्लासगोला येणार नाही. मी पडले ती म्हातारी आहे म्हणून नव्हे. घरातला चालू फोन काढून घेतला आणि बोलायला टेकडीवर चढावं लागलं, म्हणून पडले. हे मी चौथ्या पानावर लिहिणार आहे, आणि ते कंपनीविरुद्ध आहे, तुझ्याविरुद्ध नाही. पण वाचताना तुला टोचेल. टोचू दे. मलाही लिहिताना टोचलं.

आणि माझीही चूक लिहिते. किटली म्हणून मी तुला पाच महिने फसवलं. आई मजेत आहे असं तुला वाटावं, हा माझा हट्ट. वारा आहे म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, आई तू आहेस कुठे?

नेहमीचीच,
आई


आर्डव्हिग
२९ मे २०१९

चि. आयव्हर,

आशीर्वाद. निवाडा आला. डॉलिनानं तो माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचला, पोस्टात बक्षीस वाटत असल्यासारखा. घरात फोन चालेल असं सांगून करार विकला गेला, तो चालत नव्हता हे अठ्ठावीस दिवसांच्या वहीवरून आणि दुकानाच्या कागदावरून दिसतं, म्हणून ग्राहकाला करारातून विनाशुल्क मोकळं करावं. चारशे अठरा पौंड रद्द. कंपनीनं लेखी माफी मागावी आणि त्रासाबद्दल काही रक्कम द्यावी. माफी ठेवून घेतली. रक्कम जीवरक्षक बोटीच्या देणगीच्या डब्यात टाकली. फोन खोक्यात घालून परत पाठवला आणि पोस्टाची पावती घेतली.

भिंतीवर पुन्हा फोन आलाय. परवा जो माणूस बसवायला आला त्याला मी हेरिंग आणि बटाटे वाढले. तो म्हणाला, हल्ली सगळे हे काढून टाकतात. मी म्हटलं, काढू देत. तू लाव.

आता तुझं.

माझं एप्रिलचं पत्र मिळाल्यावर तू डॉलिनाकडे फोन केलास, तिनं मला हाक मारली, मी धावत गेले. तू म्हणालास, "आई." मी म्हटलं, "हं." त्या फोनवर एक अक्षर तुटत नव्हतं. मग तू म्हणालास, "हात कसा आहे?" मी म्हटलं, "जोडलाय." तू म्हणालास, "बरं," आणि ठेवलास. मला राग आला. डॉलिनाच्या दारात उभी राहून मी तुला जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "अगं, त्याला वेळ दे." मी म्हटलं, "चाळीस वर्षं दिलाय."

मग निवाड्याच्या कागदांच्या मागे आणखी एक पान निघालं. 'साक्षीदाराचं निवेदन: आयव्हर मकॉली.' तू मला सांगितलं नव्हतंस. डॉलिना वाचायला लागली, मग मध्येच तिनं पान माझ्या हातात दिलं आणि उगाचच कोंबड्या बघायला बाहेर गेली.

तू लिहिलंस: 'त्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन आला. मी फर्निचरच्या दुकानाबाहेर होतो. मला वारा ऐकू आला आणि दोनदा माझं नाव ऐकू आलं. ती स्वयंपाकघरातून बोलतेय असं मी धरून चाललो. मी फोन ठेवला. घरात फोन चालतो असं मीच तिला सांगितलं होतं, कारण दुकानात मला तसं सांगण्यात आलं. मी दोन दिवस त्या घरात होतो. फोन घरात एकदाही लावून पाहिला नाही. बोट चुकेल अशी मला घाई होती. तिचा आधीचा चालू फोन बंद करायला मीच सांगितलं. हे सगळं मी तिला बोलून दाखवू शकलेलो नाही, म्हणून इथे लिहितो आहे. तिनं मला माफ करावं.'

मी ते पान दोनदा वाचलं. माझ्याशी न बोलता परक्यांना लिहून दिलंस, याचा आधी राग आला. मग लक्षात आलं, हे लिहून दिल्यामुळे कंपनी उद्या म्हणू शकली असती, चूक मुलाची आहे, आमची नाही. ते ठाऊक असून तू लिहिलंस. माझी बाजू भक्कम व्हावी म्हणून स्वतःला उघडं पाडलंस. माझ्या वहीनं अर्धा निवाडा जिंकला असेल. बाकीचा त्या पानानं.

जुलैत मेंढ्यांची लोकर कापायला येतोस असं डॉलिनाला म्हणालास. ये. जेनिनलाही आण. आठवडाभर राहायचं असेल तर ये. दोन दिवसांसाठी असेल तर बोटीचं तिकीट फुकट घालवू नकोस. आणि माझ्या राहण्याबद्दल काही छापलेलं सोबत आणू नकोस. बोलायचं असेल तर तोंडानं बोल. मी ऐकून घेईन आणि मग नाही म्हणेन. पण ऐकून घेईन.

राहता राहिली माफी. ती तुला मिळणार नाही. माफ करायला आधी गुन्हा लागतो आणि तो घडलेला नाही. तुला ऐकू आलं नाही, एवढंच घडलं. हे मी ठरवलंय, आणि या घरात काय घडलं आणि काय नाही, ते अजून मीच ठरवते.

इथेच राहणारी, तुझी आई,
एफी मकॉली